मागच्या डब्यातला आवाज

लालबाग, मुंबई
९ एप्रिल १९५६

प्रिय गंगाधर,

तुझं कार्ड फेब्रुवारीतच मिळालं. उत्तराला उशीर झाला, शिव्या समक्ष दे. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रावरून इकडे जे झालं ते तू पेपरात वाचलंच असशील. मी आणि बकुळा सुखरूप आहोत. गोळीबार चालू होता तेव्हा मी गॅरेजच्या फळ्या लावून आत बसलो होतो. संचारबंदी उठल्यावर घरी गेलो. एवढंच.

पत्राचं कारण वेगळं आहे. परळला डॉक्टर मीराबाई म्हणून आहेत, बाळंतपणं करतात. त्यांच्याकडे लढाईतली जीप आहे. लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावात घेतलेली, आपण इंफाळला चालवायचो तसलीच. दर महिन्याला त्या ती घेऊन जव्हारकडच्या पाड्यांवर जातात. तिकडे रस्ता असा नाहीच, ओढ्यातले दगड. चारही चाकांना जोर दिल्याशिवाय गाडी चढत नाही.

ह्या जीपला आवाज येतोय. इंजिनाचा नाही. इंजिनाकडून चाकांकडे जोर जातो त्या वाटेवर कुठेतरी आहे. बाई म्हणतात, गाडी कण्हते. मी ऑइल बदललं, सगळे बोल्ट आवळले. फरक नाही. तू चिपळूणला जीपाच सांभाळतोस, रोज कुंभार्ली घाट चढउतार करतोस. तुझ्या अनुभवात असलं काही आलंय का, कळव.

तुझा,
दत्ताराम


चिपळूण
१६ एप्रिल १९५६

दत्तू, गाढवा,

पत्र तीनदा वाचलं. अक्षर तुझंच आहे म्हणून विश्वास ठेवला. इंफाळला गाडी वळणापलीकडे असायची, दिसायचीसुद्धा नाही, आणि तू चहा पीत सांगायचास की हिच्या मागच्या डाव्या चाकाची बेअरिंग बोलतेय. साहेब लोक त्यावर पैजा लावायचे. आणि आज तू मला विचारतोस आवाज कशाचा? मी चिपळुणात बसून ऐकू?

बरं, विचारलंस तर नीट सांग. आवाज बारीक आहे की जाड? सारखा येतो की ठोके पडल्यासारखा? गाडी पळेल तसा वाढतो, की इंजिन रेस केल्यावर? पाय उचलला की बदलतो का? वळताना येतो का? कण्हते म्हणे! कण्हण्याचेही शंभर प्रकार असतात, हे तुझ्या डॉक्टरीणबाईंना तर माहीत असेलच.

अंदाजच मारायचा तर मागच्या लांब शाफ्टचा क्रॉस, तो टोकाचा सांधा, बघ. शाफ्टला हातानं हिसका दे, ढिला लागला तर बदलून टाक. दहातल्या सहा जीपांचं दुखणं तिथेच निघतं.

वहिनींना नमस्कार. ह्या वर्षी तरी आंब्याला या दोघं.

गंगाधर


लालबाग
२ मे १९५६

प्रिय गंगाधर,

क्रॉस थोडा ढिला होता. बदलला. बाई गाडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. आवाज आहे तसाच.

तू विचारलेल्याची उत्तरं देतो. शेजारी कोंडीरामचा मसाला कुटायचा कारखाना आहे, त्याला गाडीत बसवून वरळीपर्यंत नेऊन आणलं. तो म्हणतो, जात्यात खडा आल्यासारखा आवाज आहे. बकुळा म्हणते, जाड आहे, घशात कफ अडकल्यासारखा. बाई म्हणतात गाडी पळेल तसा वाढतो. वळण्याशी संबंध नाही, असं कोंडीराम म्हणतो. पाय उचलला की बदलतो का, ते त्याला सांगता आलं नाही.

वाटेत दोनदा पोलिसांनी थांबवलं. हल्ली जीप दिसली की विचारतात, कुठे चालला, आत काय आहे. काही तरी विचारत होते, कोंडीरामनंच उत्तरं दिली.

बाईंना पुढच्या फेरीला जव्हारला जायचंय. दोन बायका दिवसांत आहेत, त्यांना इकडे आणायचंय. मी गाडी अडकवून ठेवू शकत नाही आणि सोडूही शकत नाही. लवकर लिही.

दत्ताराम


चिपळूण
११ मे १९५६

दत्ताराम,

तुझ्या पत्रात कोंडीरामचे कान आहेत, वहिनींचे आहेत, डॉक्टरीणबाईंचे आहेत. तुझे कुठे आहेत?

राग येईल, येऊ दे. इतक्या वर्षांचा मित्र आहे म्हणून विचारतो. बाटलीला लागलास का? लढाईनंतर आपल्यातले किती गेले तसे, तुला ठाऊक आहे. की धंद्यातलं मन उडालं? गाडी स्वतः चालवून आणायची आणि मसालेवाल्याला विचारायचं, आवाज कसा आहे? पूर्वी कुणी असं केलं असतं तर तूच त्याला वर्कशॉपातून हाकलला असतास.

आता कामाचं. क्रॉस नव्हे तर दोनच जागा राहतात. एक, मागच्या दांड्यातला डिफरन्शियल, चाकांच्या मधला तो गोळा. दुसरी, गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला तो डबा, जिथून पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटला जातो. डिफरन्शियल असेल तर पाय उचलल्यावर आवाजाचा सूर बदलतो. डबा असेल तर सगळ्या गिअरात घरघरतो.

डबा असेल तर चेष्टा नाही. गेल्या वर्षी पोफळीच्या वळणावर घाट उतरताना एका जीपचा डबा आतून अडकला. मागची चाकं जागच्या जागी गच्च झाली आणि गाडी आडवी होऊन कठड्याला टेकली. कठडा होता म्हणून ड्रायव्हर आज जेवतोय. तेव्हा सापडेपर्यंत गाडी देऊ नकोस. दिवसांतल्या बायका मागे बसणार असतील तर मुळीच नाही.

आणि मला खरं लिही.

गंगाधर


लालबाग
२० मे १९५६

गंगाधर भावोजींना बकुळाचा नमस्कार.

मी चौथीपर्यंतच शिकलेली, चुका पोटात घाला. मी लिहितेय हे ह्यांना माहीत नाही. कोंडीरामभाऊंच्या हातून पत्र पेटीत टाकणार आहे. तुमचं शेवटचं पत्र ह्यांनी वाचलं आणि घडी करून उशीखाली ठेवलं. मी ते काढून वाचलं. ते बाटलीला लागलेले नाहीत, भावोजी. त्यांना ऐकू येत नाही.

जानेवारीतला तो गोळीबार झाला, त्या दिवशी हे गॅरेजात होते. रस्त्यावर संचारबंदी, मी चाळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले तेव्हा दोन्ही कानांतून रक्त ओघळून मानेवर सुकलं होतं. सदराही रक्तानं भरलेला, पण अंगावर जखम कुठे नव्हती. रक्त कुणाचं, विचारलं तर माझ्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. अश्रुधुराचं नळकांडं बोळात भिंतीशी फुटलं, एवढंच नंतर सांगितलं. बाकी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

हॉस्पिटलात चला म्हटलं तर नाही म्हणाले. त्या दिवसांत जखम घेऊन जाईल त्याचं नाव पोलीस लिहून घेत होते. पुढे दिवस शांत झाले तरी गेले नाहीत. कान वाहतात, मी गरम तेल घालते. कुणाला सांगू नकोस अशी शपथ घातलीय. कान गेलेल्या मेकॅनिककडे गाडी कोण आणेल, म्हणतात. माणसांच्या ओठांकडे बघून मान हलवतात. समजलं तरी हो, नाही समजलं तरी हो. गेल्या महिन्यात नाक्यावर ट्राम अगदी अंगावर आली होती, माणसांनी ओढलं. तेव्हापासून एकट्यानं फक्त घर ते गॅरेज, गॅरेज ते घर, तेही भिंतीच्या कडेनं. शेजारी मसाल्याचे डंके दिवसभर आदळत असतात, आणि हे फळ्या अर्ध्या लावून त्या जीपखाली निजून राहतात. बाहेर यायलाच तयार नसतात. मी जेवण घेऊन जाते तर पायांना हात लावून सांगावं लागतं की मी आलेय. हात लावला की दचकतात. तो दचका मला बघवत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ज्यांची जीप आहे त्या डॉक्टरच आहेत. समोर उभ्या असतात. आणि हे त्यांच्यापासून कान लपवतात.

तुम्ही मोठे आहात. काय करायचं ते सुचवा. पण मी लिहिलं हे कळू देऊ नका.

बकुळा


चिपळूण
२८ मे १९५६

प्रिय दत्तू,

मागच्या पत्रात वाटेल ते लिहिलं, विसरून जा. उन्हानं डोकं तापलं होतं.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, तुला सांगतो. माझेच कान गेलेत रे. वर्षभरापासून कमी ऐकू येतं. गिऱ्हाइकांना पत्ता लागू दिला नाही. सुरुवातीला वाटलं, संपलं सगळं. मग एक तोड सापडली.

आपण सळईचं एक टोक गाडीला आणि दुसरं कानाला लावायचो ना, ती कानाला लावायचीच नाही. दातांत धरायची. घट्ट, दाढांखाली. आवाज हाडातून थेट डोक्यात जातो, कानाच्या दारातून जावंच लागत नाही. पहिल्यांदा दात शिवशिवतात, मग सवय होते. गोंगाटातही चालतं, आजूबाजूचं काही मध्ये येत नाही. मी तर म्हणतो चांगल्या कानवाल्यांनीही असंच करावं.

मागची चाकं उचल, खाली ठोकळे दे, गाडी गिअरमध्ये टाक आणि हँडब्रेक थोडा ओढून ठेव, म्हणजे डब्यावर भार येईल. कुणाला तरी पॅडलवर बसव. मग एकेक जागा बघत जा. करून बघ आणि लगेच कळव.

आता पुरे करतो. शेजारच्या सुंदराबाईंची कोंबडी मघापासून अंडं घालून गाव डोक्यावर घेतेय, पत्रात लक्ष लागत नाही.

तुझा,
गंगाधर


लालबाग
१७ जून १९५६

गंगाधर,

तुला खोटं बोलता येत नाही. कान गेलेल्या माणसाला शेजारची कोंबडी ऐकू येत नाही. बकुळाला विचारलं तेव्हा ती रडली, म्हणजे काय झालं ते समजलो. तुम्हां दोघांवर रागावलो होतो, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सळई घेतली.

फळ्या आतून लावल्या. बकुळाला स्टिअरिंगवर बसवलं. ती पदर खोचून अशी बसली जणू गाडी आत्ता भिंत फोडून जाणार. मी हात वर केला की पाय दाबायचा, खाली केला की सोडायचा, असं ठरलं. मी खाली सरकलो, सळई दाढांखाली धरली आणि पहिल्यांदा गिअरबॉक्सला टेकवली.

काय लिहू. पाच महिने माझ्या डोक्यात रिकाम्या टाकीसारखं होतं. नुसतं घों घों, त्यात जगातलं काही नाही. आणि एकदम दात्यावर दाता चालला तो आला. स्वच्छ, सारखा, जसा असावा तसा. मी हात खाली करायचंच विसरलो. बकुळा बिचारी पॅडल दाबून बसली. मग तिनं वाकून खाली पाहिलं. मी कशानं रडतोय ते तिला कळलं नाही, तिला वाटलं गाडी लागली.

मग मागचा डिफरन्शियल बघितला. निरोगी, मधाच्या पोळ्यासारखा गुणगुणणारा. मग डबा. सळई टेकवली आणि दातांत कळ गेली. कुणी तोंडात खडे घेऊन चावतंय, असा आवाज. कोंडीरामनं जात्यातला खडा सांगितला होता, बरोबर होतं. सगळ्या गिअरात तोच. डबा उतरवला, उघडला. मधली शाफ्ट एका अंगानं खाल्लेली, तेलाचं भोक चिखलानं बुजलेलं, तिच्याभोवतीचे रोलर काही फुटलेले, काही झिजून दाभणासारखे झालेले. आणखी एक घाट उतरली असती तर तू लिहिलंस तेच झालं असतं. मेच्या फेरीला बाई निघाल्या होत्या, तेव्हा मी गाडी दिली नाही. पार्ट यायचाय, अशी थाप मारली. त्या एसटीनं गेल्या. एकीला घेऊन आल्या. दुसरी आधीच पाड्यावर बाळंत झाली होती, मूल राहिलं नाही. गाडी असती तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी त्यांचे ओठ बघत होतो, त्या खरंच म्हणाल्या नाहीत.

भेंडीबाजारातून दुसरी शाफ्ट आणि रोलर मिळाले. डबा बसवला. बाई गाडी न्यायला आल्या. बॉनेटवर हात ठेवून काहीतरी विचारलं. मी नेहमीसारखी मान हलवणार होतो. बकुळा दारात जेवणाचा डबा घेऊन उभी होती, तिच्याकडे नजर गेली, आणि तोंडातून निघून गेलं, "बाई, मला ऐकू येत नाही."

किती मोठ्यानं बोललो ठाऊक नाही. कोंडीरामच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली.

बाईंनी विचारलं नाही की एवढे दिवस का लपवलं. मला स्टुलावर बसवलं, डोकं उजेडाकडे वळवलं, पिशवीतून कान बघायचं नळकांडं काढलं. मग दवाखान्यात घेऊन गेल्या, त्याच जीपमधून. तिथे पाटी-पेन्सिल दिली आणि लिहिलं, कसं झालं?

तुला जे लिहिलं होतं ते खोटं होतं, गंगाधर. फळ्या लावून आत बसलो होतो, इथपर्यंत खरं. मग गॅरेजसमोरच एक माणूस पडला. गिरणीतला असावा, सदऱ्याला कापूस होता. मांडीत गोळी. मी फळी सरकवून बाहेर गेलो, त्याला बगलेत धरून ओढत आणत होतो, तेव्हाच ते अश्रुधुराचं नळकांडं भिंतीवर आपटून माझ्या डोक्याशी फुटलं. तरी आणला. फळी लावली. मांडी बांधली, पण रक्त थांबेना. बाहेर संचारबंदी, दार उघडायची सोय नाही. दोघंच आत. त्याचे ओठ हलत होते. तो माझ्याशी बोलत होता, गंगाधर, बराच वेळ, माझी मनगटं धरून. नाव सांगत असेल, गाव सांगत असेल, बायकोला काही निरोप असेल. मी कान त्याच्या तोंडाला लावला. काही नाही. त्याला म्हटलं, पुन्हा सांग. तो पुन्हा सांगायचा. उजाडायच्या आधी गेला. सकाळी प्रेतं उचलणारी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. कोण होता ते मला आजही माहीत नाही. कुठल्या तरी घरात त्याचा निरोप पोचायचा होता, तो माझ्यापाशी येऊन थांबला. मी जीपखाली निजून राहायचो ते आवाज शोधायला नव्हे. तिथे कुणी माझ्याशी बोलायला येत नसे.

हे सगळं मी बाईंना तोंडानं सांगितलं. त्यांनी पाटी पुसून लिहिलं, "मरणारी माणसं मी खूप पाहिली. बहुतेक जण पाणी मागतात. तुम्ही दिलंत?"

मी म्हटलं, "दिलं. थोडं थोडं, चिंधीनं."

त्यांनी लिहिलं, "मग बरंचसं ऐकलंत."

हे खरं की मला बरं वाटावं म्हणून लिहिलं, ते ठरवता येत नाही. पण त्या रात्रीनंतर पहिल्यांदा मी झोपलो.

कानांचं असं आहे. दोन्ही पडदे फाटलेत आणि आत पिकलंय. बकुळाचं तेल बंद. डावा फार खराब आहे. उजव्याचं सांगता येत नाही, बाई बघू म्हणतात. रोज सकाळी दवाखान्यात बोलावलंय, हॉस्पिटल नको, नावाची नोंद नको, म्हणाल्या. आत शिरशिरी येईल असलं काहीतरी घालतात आणि इंजेक्शन देतात.

गाडी जव्हारला गेली. मीही गेलो. ती घाट उतरत असताना मी पायाशी वाकून सळई दातांत धरून बसलो होतो. बाई हसत होत्या, दिसलं मला.

तुझा,
दत्ताराम


चिपळूण
२५ जून १९५६

दत्तू,

तुझं पत्र घेऊन नदीवर जाऊन बसलो होतो. कोंबडीनं मात्र माझा घात केला.

एक सांगतो. गिऱ्हाइकांना आता स्पष्ट सांगून टाक. जातील ते जातील. उरतील त्यांच्या गाड्या दातांनी ऐक.

वहिनींना माझा दंडवत. घरातलं खरं शहाणपण त्यांच्याकडे आहे.

गंगाधर


लालबाग
४ नोव्हेंबर १९५६

प्रिय गंगाधर,

चार महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नक्की काही नव्हतं. गिऱ्हाइकांना सांगितलं. निम्मे गेले. एकजण तर माझ्यासमोरच कोंडीरामला म्हणाला, बहिऱ्याकडे कसली गाडी द्यायची. मला ओठ वाचता येतात हे त्याला ठाऊक नव्हतं. उरले त्यांत एक ट्रकवाला आहे, त्याला सळईचा तमाशा इतका आवडतो की दुखणं नसतानाही ट्रक आणतो. पोटापुरतं चालतं. रस्ता ओलांडताना अजून भीती वाटते, बकुळा हात धरते. नाक्यावरची माणसं बघतात, बघू देत.

एक तारखेला महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र बांधून मुंबईचं द्वैभाषिक राज्य सुरू झालं. आमच्याकडे काळे झेंडे लागलेत. सभा असली की मीही जातो, मागे उभा राहतो. भाषण कळत नाही, पण हजारो माणसं एकदम ओरडली की छातीत कळतं. त्या माणसाचा कुणी त्या गर्दीत असेल, असं मनात येतं. मी चेहरे बघत राहतो.

दिवाळीआधी बाईंनी शेवटची पट्टी काढली. डावा कान गेला तो गेला. उजव्याचा पडदा बराचसा धरलाय, म्हणाल्या, पण ऐकू किती येईल ते तुमचं तुम्हालाच कळेल, घाई करू नका. घरी आलो. बकुळा मोठ्यानं काही विचारायला लागली, मी म्हटलं, नको, आज नको. मला भीती वाटत होती. नाही आलं तर, म्हणून.

काल संध्याकाळी घरी बसलो होतो. ती चुलीपाशी, पाठमोरी. आमटी ढवळत होती. मी काही मुद्दाम ऐकत नव्हतो. तिनं बरणीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, "मीठ संपलं वाटतं."

मी उठलो, खुंटीवरची पिशवी घेतली आणि खाली वाण्याकडे गेलो. परत येऊन मिठाची पुडी तिच्या शेजारी ठेवली. ती पळी हातात घेऊन तशीच उभी होती. आमटी तळाशी लागली होती, साऱ्या चाळीत वास सुटला होता.

तुझा,
दत्ताराम